इंग्रजीत कॉमा कुठे द्यायचा आणि कुठे हात आवरायचा

१९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कलम २७ मध्ये पूर्वी एक यादी होती. शिक्षा कोणाला, तर जो 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स' त्याला. या शब्दांवरून महाराष्ट्रातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. औषधांचा नुसता साठा जवळ सापडला, तर तेवढ्यावर माणूस या कलमात बसतो का, असा प्रश्न होता. १९७९ च्या निकालसंग्रहांत छापलेल्या त्या निर्णयात न्यायालयाने बोट ठेवलं ते एका नसलेल्या कॉमावर. 'स्टॉक्स'नंतर कॉमा नाही. म्हणजे 'स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' हा एक अखंड तुकडा आहे आणि त्यातलं 'फॉर सेल' साठ्यालाही लागू होतं. साठा विक्रीसाठीच होता हे सरकारला सिद्ध करावं लागणार. तिथे कॉमा असता तर 'स्टॉक्स' स्वतंत्र उभा राहिला असता.

'फॉर सेल' हे शब्द कोणाचे, एवढंच न्यायाधीश तिथे ठरवत होते. इंग्रजी कॉमाचं बहुतेक काम हेच असतं. कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे आणि कोणापासून सुटा, हे तो दाखवतो. शाळेत मात्र आपल्याला शिकवलं गेलं की कॉमा आला की थोडं थांबायचं. मोठ्याने वाचायला तो नियम ठीक आहे. लिहायला बसलं की तोच नियम घोटाळे करतो, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत ते घोटाळे ठरावीक ठिकाणीच होतात. ती ठिकाणं कळली की निम्मं काम झालं.

पुढची उदाहरणं इंग्रजी आहेत, अक्षरं देवनागरी. मनात इंग्रजीच वाचा आणि कॉमा कुठे आहे तेवढं बघा.

मराठीचं भागतं, मग इंग्रजीचं का अडतं?

मराठीत शब्दांचं नातं प्रत्यय सांगतात. 'कुत्र्याने मांजराला पाहिलं' यातले शब्द कसेही फिरवा, कोणी कोणाला पाहिलं ते बदलत नाही. इंग्रजीत नातं जागेवरून ठरतं, त्यामुळे जागांच्या सीमा आखाव्या लागतात.

इंग्रजीतलं एक घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे: 'लेट्स ईट, ग्रँडमा' यातला कॉमा काढला तर आजीच ताटात येते. मराठीत हा विनोद जमतच नाही. 'चला जेवूया आजी' असं बिनकॉमाचं लिहिलं तरी आजी सुखरूप, कारण तिच्यावर ताव मारायचा तर 'आजीला' म्हणावं लागेल. 'मुलांनो' या शब्दात तर हाक मारल्याची खूण आतच आहे. म्हणून इंग्रजी मेलमध्ये 'थँक यू सर', 'हॅलो मॅडम', 'येस डॉक्टर' लिहिताना मधला कॉमा आपल्याला सुचत नाही. हाक मारलेल्या नावाआधी तो हवा: 'थँक यू, सर.'

दुसरी सोय म्हणजे आपल्या जोड्या. जेव्हा-तेव्हा, जर-तर, जो-तो. 'आम्ही जेवत होतो तेव्हा कुत्रा भुंकला' यात पहिला भाग कुठे संपला ते 'तेव्हा' सांगून टाकतो. इंग्रजीत 'व्हेन' आणि 'व्हाइल' आहेत, पण दुसऱ्या भागाच्या तोंडाशी 'तेव्हा' नाही. त्या मोकळ्या जागी कॉमा बसतो. तो न देता लिहा: 'व्हाइल वी वेअर ईटिंग द डॉग बार्क्ड.' वाचणारा 'ईटिंग द डॉग'पर्यंत येऊन दचकतो आणि मागे जाऊन पुन्हा वाचतो. 'ईटिंग'नंतर कॉमा दिला की प्रश्न मिटला. व्हेन, व्हाइल, इफ, ऑल्दो, आफ्टर यांनी सुरू होणारा भाग आधी आला तर त्याच्या शेवटी कॉमा. तोच भाग मागे गेला तर बहुधा नको: 'द डॉग बार्क्ड व्हाइल वी वेअर ईटिंग.'

जुनी मोडी कागदपत्रं पाहिलीत तर विरामचिन्हं सोडाच, दोन शब्दांमध्ये मोकळी जागाही सापडत नाही, आणि तरी त्यावर वतनं, करार, न्यायनिवाडे चालले. आजची विरामचिन्हं मराठीत आली ती इंग्रजी अमदानीत. मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यात पहिल्यांदा घेतलं जातं. त्यामुळे मराठीत कॉमा हा बराचसा लिहिणाऱ्याच्या मर्जीचा राहिला. इंग्रजीत तेवढी मर्जी चालत नाही.

दम लागला म्हणून कॉमा

सरकारी आणि बँकेच्या इंग्रजी पत्रांत हे सर्रास दिसतं: 'द ॲप्लिकेशन सबमिटेड बाय यू ऑन द टेन्थ ऑफ जून, इज अंडर कन्सिडरेशन.' कर्ता इतका लांबला की लिहिणाऱ्याला दम लागला आणि त्याने कॉमा टाकला. पण 'ॲप्लिकेशन' हा कर्ता आणि 'इज' हे त्याचं क्रियापद. दोघांमध्ये एकटा कॉमा घातला की आजच्या इंग्रजीत ती चूक धरतात, कर्ता दोन ओळींचा असला तरी. वाक्य फारच लांबत असेल तर ते तोडावं, कॉमाने त्याला टेकू देऊ नये.

गंमत अशी की एके काळी इंग्रज आणि अमेरिकन स्वतःच असं लिहीत. अमेरिकेच्या राज्यघटनेतली शस्त्रांविषयीची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिचा शेवट असा: 'द राइट ऑफ द पीपल टु कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इनफ्रिंज्ड.' हा 'आर्म्स'नंतरचा कॉमा नेमका आपल्या बँकेच्या पत्रातलाच. अठराव्या शतकात कॉमा बऱ्याच अंशी बोलण्याच्या लयीवर दिले जात. त्या एका वाक्यात तीन कॉमा आहेत आणि जुन्या प्रतींमध्ये त्यांची संख्याही सारखी नाही. तरी २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मधल्या कॉमावरून वाक्याचे दोन भाग पाडले, पहिला प्रस्तावनेचा आणि दुसरा खरा हुकमाचा. जे कॉमा दम घ्यायला टाकले होते, त्यांच्यावर आता बंदुकीचा हक्क तोलला जातो आहे.

'की'च्या मागून येणारा

'मंत्री म्हणाले की, रस्ता पावसाळ्यापूर्वी पूर्ण होईल.' मराठी वर्तमानपत्रांत 'की'नंतर कॉमा रोज छापून येतो. मराठीत तो ठेवावा की नाही यावर शुद्धलेखनवाल्यांनी हवं तेवढं भांडावं. इंग्रजीत तो हात धरून नेऊ नये, एवढंच म्हणणं. 'द मिनिस्टर सेड दॅट, द रोड वुड बी रेडी' हे वाक्य वाचल्यावर लिहिणारा मराठी किंवा हिंदी शाळेतून आलेला आहे हे लगेच ओळखू येतं. 'दॅट'नंतर कॉमा नाही. आधीही नाही.

'दॅट' न लिहिता थेट शब्द अवतरणात दिले तर मात्र 'सेड'नंतर कॉमा लागतो: ही सेड, "द रोड विल बी रेडी."

पाऊस थांबला, आम्ही निघालो

हे वाक्य मराठीत देखणं आहे. 'ती आली, तिने पाहिलं, ती गेली' हेही. दोन पूर्ण वाक्यं कॉमाने सांधायला मराठी कुरकुरत नाही, आणि बोलीच्या लयीला ते शोभतंही. म्हणून आपण निःशंकपणे लिहितो: 'आय रिसीव्ह्ड युअर मेल, आय विल रिप्लाय टुमॉरो.' इंग्रजी शिक्षक याच्याखाली लाल रेघ मारणारच. त्यांच्या लेखी कॉमा दोन पूर्ण वाक्यांचा भार एकट्याने पेलू शकत नाही.

सुटका तीन प्रकारे होते. 'मेल'नंतर पूर्णविराम द्या. किंवा अर्धविराम द्या, म्हणजे टिंबाखाली कॉमा असलेलं ते चिन्ह. किंवा कॉमा ठेवा आणि सोबतीला अँड, बट, सो, ऑर यांपैकी एक शब्द द्या: 'आय रिसीव्ह्ड युअर मेल, अँड आय विल रिप्लाय टुमॉरो.'

फसवणूक होते ती 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' यांच्याकडून. अर्थाने ते 'पण' आणि 'म्हणून' असल्यामुळे 'बट'च्या रांगेत बसतील असं वाटतं. बसत नाहीत. 'द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वी रीच्ड ऑन टाइम' हे चूक. 'लेट'नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या आणि कॉमा 'हाउएव्हर'च्या नंतर घाला.

इंग्रजी कादंबऱ्यांत तर दोन वाक्यं कॉमाने जोडलेली दिसतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय, असं कोणी विचारेल. दिसतात, खरं आहे. कादंबरीकार लय साधतो, आणि त्याला नियम ठाऊक आहे यावर वाचकाचा भरवसा असतो. नोकरीच्या अर्जात तो भरवसा अजून कमवायचा असतो.

दोन चिमटे

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. इथे चूक झाली तर वाक्य नुसतं बेढब होत नाही, वेगळंच काही सांगू लागतं.

ऑफिसच्या फलकावर दोन सूचना आहेत असं समजा. पहिली: 'एम्प्लॉइज हू केम लेट ऑन मंडे विल लूज हाफ अ डेज पे.' दुसरी: 'एम्प्लॉइज, हू केम लेट ऑन मंडे, विल लूज हाफ अ डेज पे.' पहिलीत जे उशिरा आले त्यांचाच पगार कापला जाणार. दुसरीत सगळेच उशिरा आले होते आणि सगळ्यांचाच कापला जाणार. शब्द तेच, फक्त दोन कॉमा जास्त.

दोन कॉमांमधला मजकूर म्हणजे जाता जाता दिलेली जादा माहिती. तो उचलून बाजूला ठेवला तरी उरलेलं वाक्य खरंच राहतं. दुसऱ्या सूचनेतून मधला भाग काढा, 'एम्प्लॉइज विल लूज हाफ अ डेज पे' उरतं, आणि लिहिणाऱ्याला तेच म्हणायचं आहे. पहिल्या सूचनेतून 'हू केम लेट' काढलं तर युनियन दारात उभी राहील, कारण तिथे ते शब्द कोणाचा पगार हे ठरवतात. तपासायची रीत हीच: मधला भाग झाकून वाचायचं. अर्थ शाबूत राहिला तर कॉमा द्या, बदलला तर देऊ नका.

हे कॉमा जोडीनेच येतात. दोरीवर चादर वाळत घातली की दोन टोकांना दोन चिमटे लावतो, तसं. एकच लावला तर चादर वाऱ्यावर फडफडते. मराठी लेखकांच्या इंग्रजीत अशा फडफडणाऱ्या चादरी खूप: 'मिस्टर कुलकर्णी, द चेअरमन ऑफ द सोसायटी हॅज रिझाइन्ड.' 'सोसायटी'नंतरचा दुसरा चिमटा राहिला. तपशील वाक्याच्या अगदी शेवटी आला तर दुसऱ्या चिमट्याचं काम पूर्णविराम करतो. 'पुणे, महाराष्ट्र' असं वाक्याच्या मध्ये आलं तरी दोन्ही लागतात: 'द ऑफिस इन पुणे, महाराष्ट्र, इज क्लोज्ड.'

नावांच्या बाबतीत हा नियम भलताच बारीक होतो. 'माय ब्रदर, सुहास, लिव्ह्ज इन नाशिक' यातून वाचकाला कळतं की मला एकच भाऊ आहे. नाव जादा माहिती म्हणून दिलंय. 'माय ब्रदर सुहास' म्हटलं तर भाऊ आणखीही असू शकतात, त्यांतला सुहास. मृत्युपत्रात किंवा वारसाहक्काच्या अर्जात हा फरक कोणी लावून धरला तर नवल नाही. साध्या पत्रात मात्र इतकं ताणू नये, माझ्या मते. भावंडांची गणती करत कोणी मेल वाचत नाही.

'व्हिच' आणि 'दॅट' यांची कटकटही इथेच सुटते. 'द फाइल्स, व्हिच आर ऑन द टेबल, आर ओल्ड' म्हणजे सगळ्याच फाइली जुन्या आहेत. 'द फाइल्स दॅट आर ऑन द टेबल आर ओल्ड' म्हणजे टेबलावरच्या तेवढ्या. 'दॅट' असेल तर चिमटे लागत नाहीत.

'नॉट' आणि 'बिकॉज' एका वाक्यात आले की

'बिकॉज'च्या आधी सहसा कॉमा देत नाहीत. पण वाक्यात आधी नकार असेल तर जपा. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ द सॅलरी': यावरून वाटतं की त्याने राजीनामा दिला, कारण पगार नव्हतं, दुसरंच काही होतं. 'ही डिड नॉट रिझाइन, बिकॉज ऑफ द सॅलरी': राजीनामा दिलाच नाही, पगारासाठी थांबला. मराठीत ही दोन वाक्यं आपण दोन वेगळ्या तऱ्हांनीच बांधली असती. इंग्रजीत दोन्ही अर्थ एका साच्यातून निघतात. शंका वाटली तर वाक्यच बदलावं.

यादीतला शेवटचा कॉमा

'राइस, डाळ अँड रोटी' की 'राइस, डाळ, अँड रोटी'? 'अँड'च्या आधीच्या या कॉमाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, कारण ऑक्सफर्डचं विद्यापीठ प्रकाशन तो पाळत आलं आहे. अमेरिकन पुस्तकांत तो बहुधा असतो. वर्तमानपत्रं बहुधा टाळतात, भारतातलीही. २०२० च्या जानेवारीत ब्रिटनने युरोपीय संघ सोडताना ५० पेन्सचं नाणं काढलं. त्यावर होतं, 'पीस, प्रॉस्पेरिटी अँड फ्रेंडशिप विथ ऑल नेशन्स.' 'प्रॉस्पेरिटी'नंतर कॉमा नाही म्हणून एका नामवंत कादंबरीकाराने नाण्यावर बहिष्कार घालायची भाषा केली. अर्थात कसलाच गोंधळ नव्हता. तो रुसवा पंगतीत मीठ डावीकडे वाढलं की उजवीकडे, या जातीचा.

खरा गोंधळ झाला तो अमेरिकेच्या मेन राज्यात. तिथल्या कायद्यानुसार ठरावीक कामांना जादा वेळेचा वाढीव पगार मिळत नाही. कामांची यादी 'कॅनिंग, प्रोसेसिंग' अशी सुरू होऊन 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' अशी संपत होती, आणि पुढे नाशवंत मालाचा उल्लेख होता. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल पोहोचवायचे, पण पॅकिंग करत नव्हते. ते म्हणाले, 'शिपमेंट'नंतर कॉमा नाही, म्हणजे इथे पॅकिंग हे एकच काम आहे, पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. वितरण यादीत नाहीच, तेव्हा आमचा वाढीव पगार द्या. त्यांनी आणखी एक बारकी गोष्ट दाखवली: यादीतलं प्रत्येक काम 'इंग'ने संपतं, 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढं संपत नाही. मौज म्हणजे त्या राज्याच्या कायदे लिहिण्याच्या नियमावलीतच शेवटचा कॉमा देऊ नका असं सांगितलेलं होतं, आणि कंपनीने त्यावरच भिस्त ठेवली होती. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर विधिमंडळाने कलम सुधारलं. त्यात त्यांनी कॉमांचा नादच सोडून अर्धविराम घातले.

मग शेवटचा कॉमा द्यावा का? मी देतो. पण तो रामबाण नाही. एखाद्या अर्पणपत्रिकेत 'टु माय मदर, सुनीता, अँड प्रकाश' असं लिहिलं तर सुनीता हीच आई की तिसरं कोणी, हे कॉमामुळेच कळेनासं होतं. जिथे नोकरी करता तिथली पद्धत विचारा आणि एका कागदावर तरी एकच पद्धत ठेवा.

'पण कोर्टच म्हणतं की विरामचिन्हं गौण'

वकील मंडळी हा आक्षेप घेतील. १९५२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने विरामचिन्ह हा कायद्याच्या अर्थनिर्णयातला गौण घटक असल्याचं म्हटलं आहे, आणि तो निकाल आजही उद्धृत होतो. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की कायद्यात विरामचिन्हं काळजीपूर्वक दिलेली असतील आणि अर्थाबद्दल शंका असेल, तर त्यांना वजन द्यावं. आणि शंका नसताना कोर्टात जातं कोण?

'संगणक करतो ना दुरुस्त!'

करतो, आणि 'सेड दॅट'नंतरचा कॉमा किंवा कर्त्यापुढचा कॉमा तो छान पकडतो. तेवढं काम त्याच्यावर खुशाल सोपवावं. पण उशिरा सगळे आले की काहीजणच, हे त्याला कुठून कळणार? मला भाऊ किती, त्या गृहस्थाने राजीनामा दिला की नाही, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. चिमट्यांच्या ठिकाणी तो जी रेघ ओढतो ती अंदाजाने. 'हू' किंवा 'व्हिच' दिसला आणि खाली रेघ आली की 'स्वीकारा'चं बटण दाबण्याआधी मधला भाग झाकून वाक्य एकदा वाचा.

आकडे आणि तारखा

इथे व्याकरण संपतं आणि देशोदेशीच्या चाली सुरू होतात. आपण १२,३४,५६७ लिहितो. परदेशी वाचकासाठी तोच आकडा १,२३४,५६७ असा लिहावा लागतो, नाहीतर त्याला छपाईची चूक वाटते. अमेरिकन तारखेत 'मार्च ५, २०२४' असा कॉमा असतो, आणि वाक्य पुढे चालू राहिलं तर सालानंतरही एक. आपल्या 'पाच मार्च २०२४' या क्रमात कॉमा लागत नाही. जर्मनीत दशांशचिन्हच कॉमा आहे. तिथल्या ग्राहकाला १,५०० असा दर पाठवला तर तो दीड वाचू शकतो, म्हणून अशा दरपत्रकात रक्कम अक्षरीही लिहावी.